आधी शेवटची ओळ

उत्पला,

तुझ्या आदरांजली सभेत पुढारी सगळ्यात शेवटी बोलले. त्यांचा नंबर येईपर्यंत मांडवातली निम्मी माणसं जेवायला उठली होती आणि मांडववाला मागच्या खुर्च्या एकात एक घालून रचत होता. एका साहेबांनी तुझ्यासाठी खास भाषण बसवून आणलं होतं, 'चळवळीचा धगधगता निखारा' वगैरे. ते त्यांनी त्या रचलेल्या खुर्च्यांना म्हणून दाखवलं. मला हसू आवरेना. तुझ्या जलदान विधीला, तुझ्या हार घातलेल्या फोटोपुढं, मी ओढणी तोंडाशी धरून हसले. शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतेय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मग मला खरंच रडायला आलं.

हे घडवलं तात्यांनी. वंदना झाली, भन्तेजींचं बोलणं झालं, सूत्रसंचालकाने 'आपल्या तालुक्याचे लाडके' एवढं म्हटलं आणि तेवढ्यात तुझे वडील उठले. पांढऱ्या सदऱ्याची बाही नीट करत माइकपाशी गेले.

"थांब जरा. माझ्या पोरीच्या सभंला आदी मागची मानसं बोलत्याल. शेवटच्या वळीपसनं. तिचा नेम हुता त्यो."

"तात्या, साहेबांना अजून एक कार्यक्रम हाय पुढं."

"मग साहेबांनी जावं की. मी कुटं आडवलंय?"

साहेब गेले नाहीत. अशा वेळी उठून जाणं बरं दिसत नाही, आणि तात्यांना ते पक्कं ठाऊक होतं. तुझा तिरकसपणा कुठून आला याबद्दल मला कधीच शंका नव्हती.

आपली पहिली भेट आठवते? विद्यापीठात मुलींच्या वसतिगृहाच्या जिन्यात तू बॅगेवर बसून शेंगा खात होतीस. प्रवेश मिळाला होता, खोली मिळाली नव्हती, आणि चेहऱ्यावर मात्र आपलं काही अडलंय असं अजिबात नव्हतं. मी विचारलं, "कुठली गं तू?" तू म्हणालीस, "वरकुट्याची. इंदापूर तालुका." मी म्हणाले, "मी पणदऱ्याची. बारामती." तू शेंग फोडता फोडता थांबलीस.

"म्हंजे तू हेडची! आमचं पानी पिनारी ती तूच व्हय?"

कालवा एकच. तो आधी आमच्याकडून जातो आणि उरलासुरला तुमच्याकडं पोचतो. आमच्याकडं ऊस, वांगी, काकड्या. तुमच्याकडं काय, असं विचारलं की तू म्हणायचीस, "आमच्याकडं वाट बघनं." त्याच जिन्यात तू मला कालव्याचा नियम समजावून सांगितलास, जणू मी जन्मात कधी कालवा पाहिला नव्हता. पाणी सुटलं की आधी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या अगदी शेवटच्या शेताला द्यायचं. ते भिजलं की त्याच्या वरच्याला. असं करत करत सगळ्यात शेवटी हेडला, कालव्याच्या तोंडाशी यायचं. कारण तोंडाशी बसलेल्याने आधी घेतलं तर शेवटच्याला काही उरत नाही. "नियम लई चांगला हाय," तू म्हणालीस, "एकदा बघायचाय मला त्यो पाळलेला." मग मी तुला माझ्या खोलीत घेऊन गेले. पणदऱ्याने प्यायलेल्या पाण्याची भरपाई म्हणून नेली, असं तू पुढं सगळ्यांना सांगायचीस. खरं कारण, तुझ्याकडं शेंगा होत्या.

जागा न मिळालेल्या मुली मैत्रिणीच्या खोलीत अशाच चोरून राहायच्या. त्यांना पॅरासाईट म्हणायचे. ती शिवी नव्हती, हुद्दाच होता. वसतिगृहात खोलीवाल्या जितक्या होत्या, जवळजवळ तितक्याच पॅरासाईट असतील. तू माझी पॅरासाईट, आणि तरी खाट मात्र तुझी असल्यासारखी तिरकी झोपायचीस. मी भिंतीला चिकटून. आज माझी पाठ दुखते ना, त्याचं निम्मं श्रेय तुझं आहे. साबण माझा, टॉवेल माझा, कंगवा माझा, आणि कुणी विचारलं की "आश्विनी लई आडमुठी हाय, पर संभाळून घ्येते मी तिला."

दुसऱ्या वर्षी वरून हुकूम आला की पॅरासाईट काढायच्या. वॉर्डनबाई सकाळी सकाळी खोल्यांमध्ये शिरून पांघरुणं उचलून बघायला लागल्या. एका मुलीला आंघोळीच्या बादलीसकट बाहेर काढलं. ती ओले केस घेऊन व्हरांड्यात उभी होती आणि बादली सोडायला तयार नव्हती. तू तिची बादली धरलीस, म्हणालीस, "चल, बसू या खाली. आपन काय चोरी केलीय?" आंदोलन म्हणतात ते तिथं सुरू झालं. मागणी साधी होती. बाहेरगावच्या जितक्या मुलींना प्रवेश देता तितक्यांना राहायला जागा द्या.

पहिल्याच बैठकीत प्रत्येक संघटनेचा एकेक दादा बोलायला उठला. दिवस कलला तरी दादा संपेनात. जिच्यासाठी बसायचं ती बादलीवाली मुलगी मागं बसून नखं खात होती. तेव्हा तू उभी राहिलीस आणि कालव्याचा नियम सांगितलास. आधी शेवटची ओळ बोलणार, मग तिच्या पुढची, आणि ज्यांना बोलायची सवय आहे ते सगळ्यात शेवटी. "आमच्या गावाला कदी टेलनं पानी आलं न्हाय. हितं तरी येऊ द्या." सगळे हसले. टाळ्याही वाजवल्या. क्रांतिकारक कल्पना आहे, असं एक दादा म्हणाला.

मग दुसऱ्या दिवशी ती फजिती झाली. मागून सुरुवात होणार म्हटल्यावर सगळे दादालोक लवकर येऊन शेवटच्या ओळीत बसले. त्यांच्या मागं जाऊन दुसऱ्या संघटनेचे बसले. त्यांच्याही मागं तिसऱ्या. आंदोलन मागं सरकत सरकत पार्किंगमध्ये पोचलं आणि पुढं सतरंज्या जवळजवळ मोकळ्या पडल्या. नेमका तेव्हाच पेपरवाला येऊन फोटो काढून गेला. बातमी आली की विद्यार्थ्यांचा अल्प प्रतिसाद. मी रडकुंडीला आले होते आणि तू पोट धरधरून हसत होतीस. "पानी बी आसंच चोरत्यात गं, हेडवाले. टेलला आपलं बी वावर हाय म्हनत्यात." मग उठून सगळ्यांना सांगितलंस, "कुनी उठू नका. निस्ती तोंडं फिरवा." सगळे बसल्या जागी वळले. मागं जागाच न उरल्याने ज्या मुली बिचाऱ्या पुढं बसल्या होत्या, त्या झाल्या शेवटच्या. बादलीवालीने बोलायला सुरुवात केली. ती काय बोलली ते धड ऐकू आलं नाही, पण ती बोलली.

आपण दोघी बसायचो ती सतरंजी माझी होती. निळ्या-लाल पट्ट्यांची, घरची. दिवाळीला मी ती धुवायला पणदऱ्याला नेली तेव्हा तू सोबत आलीस. आईने तुला चहा दिला आणि आडनाव विचारलं. तू आडनाव सांगितलंस, आणि तिने पुढचं काही विचारायच्या आत "आमी बौद्ध, काकू" हेही सांगून टाकलंस. आई "बरं बरं" म्हणाली. थोड्या वेळाने सतरंजी झटकता झटकता तिने मला विचारलं, हळू, पण तुला ऐकू जाईल इतपत, "कोन कोन बसतं गं हिच्यावर?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "लई जनी बसत्यात, काकू. म्हनून तर धुवायला आनलीय." आणि हौदावर जाऊन आईच्या बरोबरीने ती आपटून आपटून धुतलीस.

त्याबद्दल आपण कधी बोललो नाही. तू विसरली नव्हतीस हे मला माहीत होतं, मी विसरले नव्हते हे तुला माहीत होतं, आणि तरी नाही. म्हणून आता सांगते. आई तुझ्या सभेला आली होती. मी बोलावलं नव्हतं, तीच म्हणाली येते. मांडवात तुझ्या आईशेजारी खाली बसली आणि सगळा वेळ तिचा हात हातात धरून होती. जेवूनच निघाली. तू असतीस तर मला कोपराने ढोसलं असतंस.

आता त्या दिवसाबद्दल बोलू या, ज्याच्यावरून आपण इतकी वर्षं भांडलो.

सगळे थकले होते. परीक्षा तोंडावर होती. अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला की जेवढ्या मुली इथं बसल्यात तेवढ्यांना खोल्या देतो. जागा वाढवणार नाही. पुढच्या वर्षी येणाऱ्यांचं पुढच्या वर्षी बघू. मला वाटलं घ्यावं. अजूनही वाटतं, हे तुला माहीत आहे. तुझं म्हणणं, घ्यायचं नाही. "ज्या बसल्यात त्यांचं भिजवायचं आन् खालचं दार लावून घ्यायचं. ह्येच तर चाललंय समदीकडं." ठरेना, तेव्हा सभा घेतली. तुझ्याच नियमाने.

शेवटच्या ओळीतून एक मुलगी उठली. म्हणाली, "ताई, घरून सारखा फोन येतोय. जागा न्हाय तर परत ये म्हनत्यात. परत गेले तर माझं लग्न लावत्याल. मला खाट मिळतीय ती घेऊ द्या." मग दुसरी उठली. मग तिसरी. ओळीमागून ओळ तेच म्हणत गेली. बादलीवालीही तेच म्हणाली. तुझ्यापर्यंत येईतो ठरवायला काही उरलंच नव्हतं. तू उभी राहिलीस, सगळ्यांकडं एकदा बघितलंस, "ठरलं" म्हणालीस आणि सतरंजीची घडी घालायला वाकलीस. मी दुसरं टोक धरलं. घडी पूर्ण होईपर्यंत आपण एकमेकींकडं पाहिलं नाही.

खोली तुलाही मिळाली होती. तू घेतली नाहीस. वर्षभर माझ्याच खाटेवर तिरकी झोपलीस. मी ओरडायचे, "अगं, सत्याग्रह तुझा आणि पाठ माझी!" तू म्हणायचीस, "तू हेडची हायस. तुला परवडतं."

पुढं तू इंदापूरला ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागलीस, मी शहरातच एका कॉलेजात चिकटले. पण भांडण चालू राहिलं. पाणी सुटलं की तुझा फोन यायचा, "तुमचं पिऊन झालं आसंल तर सोडा की खाली," आणि तिथून गाडी त्या दिवसावर यायची. मी म्हणायचे, "तुझ्या टेलनेच ठरवलं ना? मग कसला राग?" तू म्हणायचीस, "त्या टेलच्या नव्हत्याच, आश्विने. टेलचं मानूस सभंला कदी नसतंच. ते आजून यायचं आसतं. जे सभंत बसलंय ते हेडचंच." मी म्हणायचे, "मग जे आलंच नाही त्याच्या वतीने बोलायचं कुणी? तू? मग त्या दादालोकांत आणि तुझ्यात फरक काय?" इथं तू चिडायचीस. याचं उत्तर तुझ्याकडं नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं, पण माझी बाजू जिंकलेली होती, म्हणून मी चिडत नव्हते.

आणि यंदा साक्षी आली.

आपण सतरंजीची घडी घातली तेव्हा तुझ्या भावाची ही मुलगी वरकुट्यात पाढे पाठ करत होती. तिला त्याच विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि त्याच वसतिगृहात जागा मिळाली नाही. कुणाची तरी पॅरासाईट झाली. मग पुन्हा तोच हुकूम निघाला, पुन्हा पांघरुणं उचलली गेली. मुली विद्यापीठाच्या मुख्य इमारतीच्या व्हरांड्यात बसल्या. तू दर शनिवारी कॉलेज सुटलं की एसटी धरून यायला लागलीस. माझं घर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. तू एकदाही मुक्कामाला आली नाहीस. पोरींमध्येच राहायचीस, त्या व्हरांड्यातल्या उघड्या फरशीवर.

शेवटचं मी तुला तिथंच पाहिलं. तू खोकत होतीस. हात लावला तर अंग तापलेलं. मी म्हणाले, "डॉक्टरकडं चल, आत्ताच्या आत्ता." तू म्हणालीस, "जरा कसनुसं होतंय. उतरंल." मग म्हणालीस, "तू येऊन बस की आमच्यात. पोरींना बरं वाटंल." मी म्हणाले, बघते. कॉलेजात नॅकच्या तपासणीची गडबड आहे, प्राचार्य बारीक लक्ष ठेवून आहेत. आणि वर हेही म्हणाले की, "शेवटी ह्या पोरीही आपल्यासारख्याच खोल्या घेऊन उठणार बघ." तुझे डोळे चमकले. भांडणाच्या आधी चमकायचे तसेच. पण साक्षीने हाक मारली, मुलींची सभा सुरू होत होती. तू म्हणालीस, "आत्ता न्हाय. शनवारी ये. निवांत भांडू."

शनिवारी तू दवाखान्यात होतीस, ताप छातीत उतरलेला, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, असं साक्षी म्हणाली. मला काचेतून तुझे फक्त पाय दिसत होते.

मला तुझा राग आलाय, उत्पला. स्पष्टच सांगते. ताप अंगावर काढायला तुला कुणी सांगितलं होतं? कुठल्या मागणीपत्रात ते कलम होतं? इतरांच्या खाटेसाठी भांडताना आपण आडवं होऊ नये, असा काही नियम होता का तुमच्या कालव्यावर? जिच्याशी मनसोक्त भांडता येईल असं माणूस एकदाच मिळतं. मी घरात भांडी आपटते आणि मग लक्षात येतं की हा आवाज तुला ऐकवण्यासाठी होता.

तर सभेत शेवटच्या ओळीपासून सुरुवात झाली. तुमच्या आळीतल्या एक बाई उठल्या. माइक तोंडापासून लांब धरून म्हणाल्या, "माझ्या लेकीला हिनं कालेजात घातलं. आता फुडचं कुनाला इचारायचं?" आणि बसल्या. त्यानंतर व्हरांड्यातल्या मुली बोलल्या, त्या बस करून आल्या होत्या. मग साक्षी उठली. तिचा आवाज तुझ्यासारखा आहे हे मला तेव्हा कळलं.

"आत्या सांगायची, तुमाला खोल्या भेटल्या आन् तुमी उठला," ती म्हणाली. ती माझ्याकडं बघत होती. "मावशी, तवा तुमी उठला नसता, तर आज मला जागा असती का?"

ती रागाने बोलली नाही. खरंच विचारत होती. सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. माझा नंबर पार शेवटी, साहेबांच्या थोडा आधी होता. तोपर्यंत मी मनात पुष्कळ उत्तरं जुळवली. त्या मुलीचं लग्न लावून दिलं असतं. आम्ही हरलोही असतो. तुझी आत्याच मला याचं उत्तर देऊ शकली नव्हती. सगळी खरी होती. माइक हातात आला तेव्हा मी एवढंच म्हणाले, "साक्षी, मला माहीत नाही." आणि बसले. तुझ्या-माझ्या भांडणात मी हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. तुझ्यासमोर उच्चारलं असतं तर तू मला शेंगा खायला घातल्या असत्यास.

पांगापांग झाल्यावर तात्यांनी मला गोठ्याकडं बोलावलं.

"ती परत जाती म्हनती. मी न्हाय पाठवनार. एक पोरगी त्या फरशीनं खाल्ली माझी."

मी म्हणाले, "तात्या, तिला माझ्याकडं राहू द्या. माझ्या घरी. शिक्षण सोडायला लावू नका."

त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "तुज्याकडं ऱ्हानार आसंल तर पाठवतो. पर कालेज आन् घर. त्या आंदोलनात न्हाय जायाची. तू मास्तरीन हायस, तुजं ऐकंल ती. शब्द दे मला."

मी काहीच बोलले नाही. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, दाबला आणि "बरं झालं बाळा" म्हणाले. माझं गप्प राहणं त्यांनी होकार म्हणून ठेवून घेतलं. मी ते काढून घेतलं नाही. त्यांचे डोळे तू पाहिले असतेस तर तूही काढून घेतलं नसतंस. आणि तुला खोटं सांगत नाही, मला त्यांचं पटलंही होतं. पोरगी चार भिंतींत राहील, गरम खाईल, शिकेल. खाट मिळाली की प्रश्न मिटला, हेच तर मी इतकी वर्षं म्हणत आले होते.

साक्षी माझ्याकडं आली. आतल्या खोलीत तिला खाट दिली. ती तिरकी झोपत नाही, एवढं बरं आहे. सुरुवातीला ती मुकाट्याने कॉलेज आणि घर करत राहिली. जेवताना बोलायची नाही. व्हरांड्यावरून येता-जाता तिला काय वाटत असेल हे मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं.

आज सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "मावशी, सतरंजी हाय का घरात एकांदी? मोठी?"

मला कळलं. तरी मी म्हणाले, "कशाला? तुला इथं खाट आहे की."

ती कपाकडं बघत म्हणाली, "मला हाय."

ती भांडली नाही. तू इतकी वर्षं माझ्या कानीकपाळी ओरडून जे सांगत होतीस ते हिने कपाकडं बघत सांगितलं आणि कप विसळायला उठली.

मी स्टुलावर चढून माळ्यावरून सतरंजी काढली. निळा रंग विटलाय, लाल तसाच आहे. एका कोपऱ्यात तू सांडलेल्या चहाचा डाग आहे, जो आईच्या हौदावरही निघाला नव्हता. साक्षीने ती पसरून बघितली. "केवढी मोठी हाय. आत्याची?"

"दोघींची," मी म्हणाले.

मग तात्यांना फोन लावला. हे तिच्या पाठीमागून करायचं नव्हतं आणि त्यांच्याही. मी म्हणाले, "तात्या, त्या दिवशी गोठ्यात मी गप्प राहिले. तो होकार नव्हता."

पलीकडं गोठ्यातली साखळी वाजली.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "उत्पला बी आशीच गप बसायची. व्हय बी न्हाय, न्हाय बी न्हाय. आन् दुसऱ्या दिशी यष्टीत."

"साक्षी आज बसायला चाललीय. मीही तिच्याबरोबर जातेय. संध्याकाळी तिला घरी आणीन, पण बसू देणार आहे. तुम्ही नाही म्हणालात तर..."

ते नाही म्हणाले असते तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नव्हतं. मी दोनदा तात्या, तात्या केलं. साक्षी सतरंजी छातीशी धरून दारात उभी होती.

"खाली काय टाकनार हायसा?" तात्यांनी विचारलं.

"सतरंजी आहे."

"निस्ती सतरंजी? फरशी लई गार आसती, आश्विनी. एकांदी वाकळ न्या. वाकळ टाका आदी, आन् मग बसा."